दोन अक्षरांची राणी : गूढ शब्दकोडी आणि त्यांच्यातील स्त्री

१/ लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राच्या दैनंदिन शब्दकोड्याने अनेक दशके एक नियम कसोशीने पाळला. कोड्यात कोणत्याही हयात व्यक्तीचा नामोल्लेख करायचा नाही. अपवाद फक्त सिंहासनावर असलेल्या राज्यकर्त्याचा. १९५२ मध्ये एलिझाबेथ दुसरी राणी झाली आणि २०२२ पर्यंत ती सिंहासनावर होती. म्हणजे या नियमानुसार ज्या एकमेव हयात व्यक्तीला त्या चौकटीत प्रवेश होता, ती व्यक्ती स्त्री होती. मात्र ती तेथे यायची ती बहुधा दोन अक्षरांच्या रूपाने : इंग्रजी ‘ई’ आणि ‘आर’. ‘एलिझाबेथ रेजायना’ या लॅटिन राजबिरुदाची ही आद्याक्षरे.

२/ बोलता बोलता अडखळल्यावर इंग्रज माणसाच्या तोंडून जो अस्फुट उद्गार निघतो, त्याचे स्पेलिंगही हेच. त्यामुळे कोड्यात ‘राणी’ म्हटले तरी ई-आर आणि ‘अडखळणे’ म्हटले तरी ई-आर. ही केवळ गंमत नव्हे. शब्दकोड्यांची स्वतःची एक सांकेतिक परिभाषा असते आणि ती ज्या काळात घडली, त्या काळाची दृष्टी तिच्यात साठून राहते. गूढ शब्दकोड्यांच्या सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासात स्त्री कोणत्या रूपात दिसते, आणि ही कोडी घडवणाऱ्या स्त्रिया मात्र का दिसत नाहीत, याचा शोध या धाग्यात घ्यायचा आहे.

३/ प्रथम ‘गूढ’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या वृत्तपत्रांतील नेहमीच्या कोड्यात समानार्थी शब्द विचारला जातो : ‘कमळ (३)’ म्हणजे ‘पंकज’. गूढ कोड्यातील शोधसूत्राचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो. दुसऱ्या भागात ते उत्तर अक्षरांतून कसे जुळवायचे, याची कृती दडलेली असते. दोन्ही भाग एकाच वाक्यात असे विणलेले असतात की वाचणाऱ्याला तिसराच काही अर्थ दिसावा. हा तिसरा, वरवरचा अर्थ म्हणजे कोडेकाराने मुद्दाम पसरलेले धुके.

४/ मराठीत एक नमुना करून पाहू : ‘रानापाठोपाठ गंध आला, सीतेच्या नशिबी पडला तो (४)’. रान म्हणजे ‘वन’, गंध म्हणजे ‘वास’. एकापाठोपाठ एक ठेवले की ‘वनवास’. तो सीतेच्या नशिबी पडला, हा सरळ अर्थाचा भाग. आता याच सूत्रात ‘सीतेच्या’ ऐवजी ‘रामाच्या’ किंवा ‘पांडवांच्या’ लिहिले तरी उत्तर बदलत नाही, जुळणीही बदलत नाही. अक्षरांचे गणित कोडेकाराला बांधून ठेवते. परंतु वाक्यात कोणाला आणायचे, हे मात्र तो स्वतः ठरवतो. पुढचा सगळा इतिहास या निवडीचा आहे.

५/ शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत आर्थर विन यांनी चौकटीच्या आकाराचे ‘वर्ड-क्रॉस’ नावाचे कोडे छापले. विन मूळचे लिव्हरपूलचे. काही आठवड्यांतच छपाईत शब्दांची अदलाबदल होऊन ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तेच नाव रूढ झाले. कोडे वाचकांना आवडले. संपादकांना मात्र त्याचा त्रास वाटे. चौकोन चुकत, क्रमांक गळत, तक्रारींची पत्रे येत. हे नकोसे काम कोणाच्या तरी गळ्यात टाकायचे होते.

६/ १९२० च्या दशकाच्या आरंभी ते मार्गारेट पेथरब्रिज या तरुणीकडे आले. स्मिथ कॉलेजची ही पदवीधर वृत्तपत्रात चिटणीस म्हणून लागली होती. आलेल्या कोड्यांतून दिसायला नीटस असेल ते निवडायचे आणि छापायला पाठवायचे, एवढेच आरंभी तिने केले. स्तंभलेखक फ्रँकलिन पी. ॲडम्स यांनी कोड्यांतील चुका वारंवार तिच्या निदर्शनास आणून दिल्या. तेव्हा तिने एक कोडे स्वतः सोडवायला घेतले आणि ते सुटण्याजोगे नाही हे तिच्या ध्यानात आले. त्या दिवसापासून शब्दकोड्याला शिस्त लागू लागली.

७/ आज जगभर गृहीत धरले जाणारे अनेक नियम तिच्या आणि तिच्या सहसंपादकांच्या हातून पक्के झाले. जाळी दोन्ही बाजूंनी सममित असावी, दोन अक्षरांचे शब्द नसावेत, काळ्या घरांची संख्या मर्यादित असावी, जाळीचा कोणताही भाग उरलेल्या भागापासून तुटलेला नसावा. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकद्वयाने शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. तशा पुस्तकाची विचारणा सायमन यांच्या नात्यातील एका स्त्रीने केली होती. संपादक तिघे : प्रॉस्पर ब्युरानेली, ग्रेगरी हार्ट्सविक आणि मार्गारेट पेथरब्रिज. पुस्तकासोबत पेन्सिल जोडलेली होती. पुस्तक इतके खपले की अमेरिकेला शब्दकोड्यांचे वेडच लागले.

८/ त्याच वर्षी शब्दकोडेप्रेमींच्या अमेरिकी संघाचे अध्यक्षपद रूथ हेल यांच्याकडे होते. कोण या रूथ हेल? पत्रकार, आणि विवाहानंतरही स्वतःचेच नाव लावण्याच्या हक्कासाठी १९२१ मध्ये ‘ल्यूसी स्टोन लीग’ स्थापन करणाऱ्या कार्यकर्त्या. पतीच्या आडनावाविना पारपत्र देण्यास अमेरिकी परराष्ट्र खात्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावाचे पारपत्र स्वीकारले नाही. शब्दकोड्यांच्या पहिल्या लाटेच्या अग्रभागी अशी स्त्री होती. पुढे ब्रिटिश कोड्यांत ‘पत्नी’ या शब्दासाठी केवळ ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर पुरेसे ठरले, हे लक्षात घेतले म्हणजे या योगायोगातील विसंगती अधिकच जाणवते.

९/ ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने १९२४ मध्ये या छंदाची कालापव्यय म्हणून संभावना केली होती. त्याच वृत्तपत्राने पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, युद्धाच्या ताणात वाचकांना विरंगुळा हवा म्हणून, १५ फेब्रुवारी १९४२ पासून शब्दकोडे सुरू केले. त्याच्या पहिल्या संपादक होत्या मार्गारेट. विवाहानंतर त्या फरार हे आडनाव लावीत. १९६९ पर्यंत त्या या पदावर होत्या. म्हणजे शब्दकोड्याचा सांगाडा ज्यांनी घडवला त्यांत एका स्त्रीचा वाटा निर्विवाद आहे. मग कोड्याच्या आतील स्त्री इतकी लहान का? याचे उत्तर अटलांटिक समुद्राच्या पलीकडे आहे.

१०/ अमेरिकी कोडे मुख्यतः अर्थ विचारत राहिले. ब्रिटनमध्ये त्याला गूढतेचे वळण मिळाले. त्याचे श्रेय प्रामुख्याने एडवर्ड पोविस मॅदर्स या कवी-अनुवादकाला दिले जाते. ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने त्यांनी १९२६ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत ‘द ऑब्झर्व्हर’साठी सुमारे ६७० कोडी रचली. पाने उलटसुलट क्रमाने छापलेली ‘केन्स जॉबोन’ ही १९३४ ची खूनकथा त्यांचीच. २०१९ मध्ये ती पुन्हा छापली गेली आणि २०२१ मध्ये एका तरुणीच्या चित्रफितीमुळे समाजमाध्यमांवर गाजली.

११/ मॅदर्स यांच्या घरातील कामाची विभागणी मात्र फारशी गाजली नाही. ते शब्दांची यादी करीत आणि शोधसूत्रे लिहीत. ते शब्द जाळीत एकमेकांना छेदतील असे बसवण्याचे काम त्यांच्या पत्नी रोझमंड करीत. ज्याने कधी जाळी भरून पाहिली आहे त्याला या कामाची किंमत कळेल : शेवटचा कोपरा जुळेना, की आधीची अर्धी जाळी मोडावी लागते. मॅदर्स यांच्या निधनानंतर निघालेल्या निवडक कोड्यांच्या संग्रहात रोझमंड यांनी पतीच्या कार्यपद्धतीच्या आठवणी लिहिल्या. वृत्तपत्रात कोड्याखाली नाव मात्र एकच असे.

१२/ ‘टॉर्केमाडा’ हे नावही अर्थपूर्ण आहे. स्पेनमधील धर्मन्यायसभेचा हा कुप्रसिद्ध मुख्य अधिकारी. त्याच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ हे नाव घेतले. तेही अशाच एका अधिकाऱ्याचे. १९७२ मध्ये आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी ‘देसा’ या तिसऱ्या अधिकाऱ्याचे नाव उलटे करून ‘एझेड’ केले. कोडेकार म्हणजे छळ करणारा आणि सोडवणारा म्हणजे त्याच्या तावडीत सापडलेला, असा हा विनोद. मॅकनट हे अभिजात भाषांचे शिक्षक होते. १९६६ च्या ग्रंथात त्यांनी गूढ कोड्याची नियमावली घालून दिली. शिक्षणगृह, सैन्य, क्लब आणि क्रिकेटचे मैदान, हे या परंपरेचे आवडते जग.

१३/ त्या जगातून कोड्यांची लघुरूपे आली. ‘माणसे’ म्हटले की ‘ओ-आर’, म्हणजे सैन्यातील अधिकारी नसलेले शिपाई. ‘तोफखाना’ म्हणजे ‘आर-ए’, ‘सुरुंगवाले’ म्हणजे ‘आर-ई’, ‘खलाशी’ म्हणजे ‘ए-बी’ किंवा ‘टार’, ‘शाळेचा जुना विद्यार्थी’ म्हणजे ‘ओ-बी’, ‘डॉक्टर’ म्हणजे ‘एम-ओ’ किंवा ‘एम-बी’. पुरुष येथे पद, पेशा, पदवी आणि पलटण यांच्यासह येतो. ही लघुरूपे पाठ असल्याशिवाय गूढ कोडे सुटत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सोडवणारे ती पाठ करीत आले आहेत.

१४/ आता याच परिभाषेतील स्त्री पाहा. ‘पत्नी’ म्हणजे ‘डब्ल्यू’. ‘मुलगी’ म्हणजे डाय, ॲन, उना, आयडा, ईना असे एखादे स्वरबहुल, कोठेही बसणारे नाव. ‘आई’ म्हणजे ‘मा’. ‘छोटी स्त्री’ म्हणजे जो, मेग, बेथ किंवा एमी : लुईसा मे अल्कॉट यांच्या १८६८ च्या कादंबरीतील चार बहिणी. त्यांतील जो लेखिका होण्याची जिद्द बाळगते. कोड्यात तिची उपयुक्तता एवढीच की तिला दोनच अक्षरे लागतात. पेशा सांगणारे हुकमी लघुरूप स्त्रीला मिळाले ते मुख्यतः परिचारिकेचे : ‘एस-आर-एन’, १९१९ च्या नोंदणी कायद्यातून आलेली पदवी.

१५/ दोन शब्द विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. ‘लैंगिक आकर्षण’ यासाठी कोड्यांत ‘एस-ए’ किंवा ‘इट’ वापरण्याचा प्रघात आहे. पहिले त्या इंग्रजी शब्दप्रयोगाचे आद्याक्षररूप. दुसऱ्यामागे लेखिका एलिनॉर ग्लिन यांनी लोकप्रिय केलेली कल्पना आहे. त्यावरून १९२७ मध्ये ‘इट’ हा मूकपट निघाला आणि त्यातील क्लारा बो ‘इट गर्ल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मूकपटांचा काळ सरला, तो वाक्प्रचार बोलीतून जवळजवळ गेला. परंतु ही दोन अक्षरे कोडेकाराला फार सोयीची असल्याने १९२७ सालचे ते आकर्षण कोड्यांत टिकून राहिले.

१६/ दुसरा शब्द ‘मेडन’, म्हणजे कुमारिका. कोड्यात त्याचे एकच अक्षर होते : ‘एम’. क्रिकेटच्या धावफलकावर निर्धाव षटकांचा रकाना ज्या अक्षराने दाखवतात तेच. ज्या षटकात धाव निघाली नाही ते ‘कुमारिका’, ही उपमा जुन्या इंग्लंडच्या मैदानावरची. ‘मॉडेल’ या शब्दाचेही असेच : वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नटलेली तरुणी उभी राहते, आणि उत्तर असते ‘टी’ हे अक्षर, फोर्ड मोटारीचे १९०८ मध्ये आलेले प्रसिद्ध प्रारूप. स्त्रीची प्रतिमा धुके पसरवायला वापरायची आणि धुके विरले की तेथे मोटार निघावी, ही त्यातील युक्ती.

१७/ ही युक्ती कशी चालते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. गूढ कोड्यात अक्षरांची उलटापालट करायची असेल, तर ती सुचवणारा एक शब्द द्यावा लागतो, आणि तो स्वाभाविकपणे अव्यवस्थेचा असतो : सैल, बिघडलेले, उधळलेले, झिंगलेले, पतित. असा शब्द ‘खुर्ची’शेजारी आला तर काही होत नाही. तो ‘स्त्री’ किंवा ‘मुलगी’ या शब्दाशेजारी आला, की वाक्याला चावट वळण लागते. कोणी आक्षेप घेतला तर कोडेकाराला म्हणता येते, ‘येथे स्त्री नाहीच; ही केवळ अक्षरे हलवण्याची सूचना आहे.’ आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेही असते. म्हणून गूढ कोड्यातील टोमणा इतर विनोदापेक्षा पकडायला कठीण जातो.

१८/ येथे एक रास्त प्रतिवाद विचारात घ्यायला हवा. पुरुषांची नावेही कोड्यांत अशीच येतात : रॉन, टेड, डेस, अल. ‘पती’सुद्धा ‘एच’ या एका अक्षराचाच धनी आहे. अव्यवस्थेचे शब्द पुरुषांनाही जोडता येतात. मग तक्रार कशाची? तक्रार एकेका शब्दाची नाही, प्रमाणाची आहे. पुरुष नावाने येतो, तसाच खलाशी, धर्मगुरू, पंतप्रधान आणि सेनापती म्हणूनही येतो. स्त्रीजवळ नाव, नाते आणि रूप यांपलीकडचे पर्याय फार थोडे होते. एखादे सूत्र निरुपद्रवी असते. रोज सकाळी, वर्षानुवर्षे सोडवलेली हजारो सूत्रे मिळून एक जग उभे करतात.

१९/ परिभाषा किती सहज बदलू शकते, याचा एक सुंदर दाखला आहे. ‘राजदूत’ या शब्दासाठी कोड्यांत ‘एच-ई’ ही अक्षरे येतात. ती पुरुष राजदूताच्या ‘हिज एक्सलन्सी’ या उपाधीची. आणि ती सलग वाचली की होणारा इंग्रजी शब्दही ‘तो’ असाच. ब्रिटिश राजनैतिक सेवेत स्त्रियांना प्रवेशच मुळी १९४६ मध्ये मिळाला. १९७६ मध्ये ॲन वॉरबर्टन डेन्मार्कमध्ये ब्रिटनच्या पहिल्या स्त्री राजदूत झाल्या. त्यांची उपाधी ‘हर एक्सलन्सी’; आद्याक्षरे पुन्हा तीच, ‘एच-ई’. एकही अक्षर न बदलता त्या संकेताचा अर्थ रुंदावला होता. तो ध्यानात घेऊन वाक्य रचायचे की नाही, हे मात्र कोडेकारावर होते.

२०/ आता कोड्यांच्या बाहेरच्या स्त्रियांकडे वळू. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’च्या कार्यालयात बारा मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा झाली आणि त्यांतील काही स्पर्धकांना नंतर गुप्त युद्धकार्यासाठी बोलावणे आले, ही कथा सर्वपरिचित आहे. ती ऐकताना डोळ्यांपुढे येतो तो चष्मा लावलेला केंब्रिजचा तरुण. प्रत्यक्षात १९४५ च्या आरंभी ब्लेचली पार्कच्या सांकेतिक लिपी उलगडणाऱ्या केंद्रात सुमारे नऊ हजार माणसे काम करीत होती आणि त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

२१/ बार्बरा हॉल यांचे आयुष्य या दोन्ही प्रवाहांना जोडते. शाळकरी वयात, १९३८ मध्ये, त्यांचे पहिले कोडे छापून आले. युद्धकाळात नौदलाच्या स्त्री-दलात त्यांनी सांकेतिक संदेशांचे काम केले. १९७७ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्या ‘संडे टाइम्स’च्या कोड्यांच्या संपादक होत्या. जॉइस कॅन्सफील्ड यांनी ‘द टाइम्स’साठी अनेक वर्षे कोडी रचली, त्या १९८० च्या राष्ट्रीय स्क्रॅबल विजेत्या आणि ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या पहिल्या पर्वाच्या विजेत्या. दूरचित्रवाणीवर त्यांचा चेहरा दिसला. ‘द टाइम्स’च्या कोड्यांवर मात्र नाव नव्हते, कारण तेथे दैनंदिन कोडी निनावी छापण्याची रीत होती.

२२/ निनावीपणा सर्वांना सारखाच लागू होता, हे खरे. पण त्याचा परिणाम सारखा नव्हता. ज्या खेळाचे प्रसिद्ध चेहरे धर्मन्यायाधीशांची नावे घेणारे पुरुष होते, तेथे निनावी कोडे वाचकाच्या मनात आपोआप पुरुषाचेच ठरे. ‘गार्डियन’ने १९७० मध्ये टोपणनावे छापायला आरंभ केला, तेव्हा ‘क्रिस्पा’ हे नाव वाचकांपुढे आले. त्या होत्या रूथ क्रिस्प. ऐंशी वर्षांचे वय ओलांडल्यावरही त्या कोडी रचीत होत्या. लॅटिन व्याकरणाची ओळख असलेल्याला शेवटच्या आकारान्त अक्षरातून एवढे तरी कळत होते की ही कोडेकार स्त्री आहे.

२३/ नंतरच्या पिढीत सारा हेज यांनी ‘गार्डियन’मध्ये ‘अरॅक्नी’ हे नाव धारण केले. ग्रीक पुराणातील ही विणकर अथीना देवीशी विणकामाची पैज लावते आणि शापाने कोळी होते. छळ करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी जाळे विणणारी कारागीर आली, हा केवळ नावातील बदल नाही. कोडे म्हणजे काय, याचीच उपमा त्यामुळे बदलते. अलीकडे काही कोडेकार जाणीवपूर्वक डॉक्टर, न्यायाधीश, बुद्धिबळपटू यांच्यासाठी ‘ती’ हे सर्वनाम योजतात. तरीही ब्रिटनच्या मोठ्या वृत्तपत्रांत कोडी रचणाऱ्या स्त्रिया आजही अल्पसंख्य आहेत.

२४/ हा प्रश्न इंग्रजीपुरता नाही. मराठी कोडेकारालाही ‘स्त्री’ या शब्दासाठी आयते पर्याय मिळतात : अबला, ललना, रमणी, कांता, भामिनी, वनिता. यांतले कित्येक शब्द संस्कृत कोशपरंपरेतून आले. अमरकोशाच्या मनुष्यवर्गात ‘अबला’ हा स्त्रीचा पर्याय म्हणून नोंदलेला आहे. चौकोनात शब्द भरताना आपण फक्त अक्षरे मोजतो : अ-ब-ला, तीन. परंतु ‘स्त्री (३)’ असे लिहून उत्तर ‘अबला’ ठेवणारा कोडेकार, स्त्री म्हणजे बल नसलेली, ही व्याख्या रोजच्या चहाबरोबर पुन्हा एकदा सोडवून घेत असतो. ‘अबला’ हा शब्द कोशातून पुसण्याचे कारण नाही. पण त्याच तीन घरांसाठी ‘तिला दुबळी ठरवणारा जुना शब्द’ असे सूत्र लिहिता येते.

२५/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी शब्दकोडे हे एक साधन आहे. कायदे, पत्रव्यवहार, भाषणे यांत माणसे जपून बोलतात. खेळात ती गृहीतके उघडी ठेवतात. ‘सर्वांना ठाऊक असणार’ असे कोडेकाराने ज्याला मानले, त्यावरून त्याच्या मनातील ‘सर्व’ कोण होते ते कळते. १९३० च्या सुमारास त्या ‘सर्वां’ना तोफखान्याचे लघुरूप ठाऊक असणे अपेक्षित होते. मार्गारेट फरार, रोझमंड मॅदर्स, बार्बरा हॉल यांच्यासारख्या स्त्रिया कोडी घडवीत होत्या, तेव्हाही कोड्याने आपल्यापुढे कल्पिलेला वाचक पुरुषच होता. परिभाषा कोणी घडवली आणि श्रम कोणी केले, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

२६/ सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ दुसरी निवर्तली. ई-आर ही अक्षरे कोड्यांतून जाणार नाहीत. त्यांच्याआधी फार तर ‘दिवंगत’ हे विशेषण येईल. पण राणीपेक्षा अधिक वेळा कोड्यांत येणारी एक स्त्री आहे आणि तिला स्त्री म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. ‘कामगार’ असे सूत्रात आले, की उत्तरात बहुधा ‘बी’ किंवा ‘अँट’ असते : मधमाशी किंवा मुंगी. इंग्रजी वाक्य वाचताना हातोडा उचललेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. पोळ्यात आणि वारुळात मात्र काम करणाऱ्या सगळ्या माद्याच असतात. मराठीत तिचे नावच ‘कामकरी माशी’ आहे. कोड्यातील एकही अक्षर न बदलता तेथे ‘ती’ लिहिता येते, आणि ते अधिक अचूक ठरते.

(धागा समाप्त)